संगणकजालातील तारा
(प्राथमिक शिक्षकांच्या उद्बोधन वर्गातील भाषण)



शाळेत संगणक आला म्हणजे सर्वांचे लक्ष त्याच्या पडद्याकडे जाते. भिंतीवरून आलेल्या तारेची विचारपूस कोणी करीत नाही. एका शाळेत ही तार विजेच्या तारेसह एकाच खिळ्याला आवळून बांधलेली मी पाहिली. पाठ मध्येच अडे आणि गुरुजी बिचारे संगणकास दोष देत.

त्या करड्या वेष्टनाच्या आत तांब्याच्या आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील तारा परस्परांभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेसाठी नव्हे. शेजारच्या विजेचा उपद्रव जोडीतील दोन्ही तारांना सारखाच पोहोचावा, अशी ती योजना आहे. संदेश घेणारे यंत्र दोन तारांतील फरक तेवढा मोजते. त्या वजाबाकीत सारखा उपद्रव बव्हंशी नाहीसा होतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी दूरध्वनीसाठी १८८१ साली या युक्तीचे पेटंट घेतले होते. मुलांना हे दाखवावयाचे तर तांबडा व पांढरा असे दोन दोरे पिळून त्यांच्या शेजारी पट्टी ठेवावी. कधी तांबडा दोरा पट्टीजवळ येतो, कधी पांढरा. म्हणूनच टोकास प्लग बसविताना पीळ फार तर १३ मिलिमीटर उलगडावा. आणि पीळ असला तरी विजेची तार दूरच ठेवावी. ते सुरक्षिततेसाठीही अवश्य आहे.

दूरदर्शन संचास जोडतात ती जाड समाक्ष तार आपल्या परिचयाची आहे. १९७३ साली अमेरिकेत योजिलेले ‘इथरनेट’ जाल प्रथम अशाच तारेवर चालले. आता शाळांच्या नव्या जालांत ती क्वचितच दिसते.

तांब्याच्या पिळाच्या तारेची मर्यादा सामान्यतः १०० मीटर. दुसरी इमारत त्याहून लांब असेल, किंबहुना दोन इमारतींमध्ये उघडे मैदान असेल, तर काचतंतू घालावा. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाळी गडगडाटात त्या वाटेने संगणकास धक्का पोहोचत नाही. मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढ्या जाडीच्या या तंतूत प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो. काच पुरेशी शुद्ध केल्यास तो फार दूर जाईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्र तंतू काटकोनात मुडपला तर प्रकाश बाहेर निसटतो. त्याच्या टोकात डोळा लावून मुलांना पाहू देऊ नये. आतील प्रकाश बहुधा अदृश्य असतो, पण नेत्रास अपाय करू शकतो. तुटलेले काचेचे कण बोटांनी न उचलता चिकटपट्टीने टिपून झाकणाच्या डबीत घालावेत.