जीप उंच करायची? आधी काट्यावर घाला

(या भागाचा लिखित मजकूर. बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.)

आज विषय पाट्यांचा. लीफ स्प्रिंग म्हणा, कमान म्हणा, आपल्या वाईच्या गॅरेजात सगळे 'पाटे'च म्हणतात.

पावसाळा आला की धोमच्या पुढे, जोरच्या बाजूला जाणाऱ्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "जीप किती इंच उचलू?" माझं म्हणणं, आधी सांगा, जीपमध्ये रोज काय भरता?

माझीच गोष्ट सांगतो. घरची जुनी एमएम ५४०, पुढे-मागे चारही बाजूंना पाटे. मी हौसेनं मागे दोन-दोन पाटे वाढवले. गाडी उभी राहिली की नुसतं बघत राहावं! एकदा आजीला मागे बसवून पाचगणीहून पसरणी घाटानं उतरत होतो. बारीक पाऊस, वळणावर छोटासा खड्डा. मागची चाकं उडाली आणि गाडी हातभर बाजूला सरकली. कठड्याच्या अलीकडे थांबलो. आजी एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येईन." आणि खरंच यष्टीनंच जायला लागली.

चूक कुठे झाली? उंची आणि कडकपणा मी एकच समजलो. पाट्याची उंची येते त्याच्या कमानीतून, म्हणजे बाकातून. कडकपणा येतो जाडी, रुंदी, लांबी आणि पाट्यांच्या संख्येवरून. त्यातही जाडीचा हिशोब भारी आहे. ६ मिलिमीटरचा पाटा ७ मिलिमीटरचा केला, की तोच पाटा जवळपास ६० टक्के कडक होतो. दिसायला एक मिलिमीटर, पण रिकामी गाडी दगडासारखी आदळते. चाक जमिनीला चिकटून राहत नाही. मग घाटात पकड कुठून येणार?

म्हणून पहिलं काम वजनकाट्यावर. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. एकदा रिकामी गाडी, एकदा नेहमीचा माल आणि माणसं भरून. समजा भरल्यावर मागे २०० किलो वाढले, म्हणजे एका बाजूला १००. पाट्याची ताकद सेंटिमीटरला ४० किलो असेल, तर गाडी अडीच सेंटिमीटर बसेल. ८० किलोची असेल, तर सव्वा. हळदीची पोती रोज नेत असाल तर थोडा कडक पाटा ठीक. रविवारी दोघं मित्र फिरायला जात असाल, तर मूळ ताकदीचाच पाटा घ्या, फक्त कमान जास्त असलेला. दोन इंच पुष्कळ झाले.

आता स्वस्तातले उपाय. लांब शॅकल: दोन इंच लांब लावलं तर गाडी साधारण एकच इंच उचलते, आणि पुढे लावलं तर एक्सलचा कोन बदलून स्टिअरिंग भटकू शकतं. ठोकळा, म्हणजे ब्लॉक: फक्त मागे, एकच, आणि पुढच्या एक्सलला कधीच नाही. जुना पाटा भट्टीत तापवून बाक देणं: उष्णतेनं पोलादाचं पाणी उतरतं, थोड्या दिवसांत पाटा परत बसतो.

गाडी उचलली की बाकीचंही तपासा. चाक पूर्ण खाली लोंबकळलं असताना ब्रेकचा रबरी पाइप ताणतो का? शॉकअपची लांबी पुरते का? प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस आवाज करतो का? यू-बोल्ट मात्र नवेच घाला, आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर परत आवळा.

जुन्या थार सीआरडीईवाल्यांनो, तुमच्या गाडीला पाटे फक्त मागे, पुढे टॉर्शन बार. आणि २०२० नंतरच्या थारला मागेही कॉइल, त्यामुळे हा हिशोब तुम्हाला तसाच्या तसा लागू नाही.

एक कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. पैसे घालायच्या आधी आरटीओत आणि विम्यावाल्याला विचारा. अपघात झाल्यावर विचारून उपयोग नाही.

मी शेवटी वाढवलेले पाटे काढले. मूळ ताकदीचे, दीड इंच जास्त कमानीचे बसवले. गाडी आता फोटोत तेवढी रुबाबदार दिसत नाही, पण चिखलात पोट घासत नाही. मागच्या महिन्यात आजी परत बसली. पसरणी घाट उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. खाली आल्यावर बघतो तर झोपलेली!

तर मंडळी, या आठवड्यात गाडी काट्यावर न्या आणि आकडा मला कळवा. भेटू पुढच्या भागात.