बंपरचा रंग आणि रंगाआधीचे काम

मोटारीचा बंपर बाहेरून दिसतो तो लोखंडाचा नसतो. ते पॉलिप्रोपिलिन जातीच्या प्लास्टिकचे कवच असते. त्याच्या मागे धक्का शोषणारा फोम आणि त्याच्याही मागे आडवी लोखंडी पट्टी. घरातल्या बादल्या आणि डबे पुष्कळदा याच जातीच्या प्लास्टिकचे असतात. हे प्लास्टिक स्वस्त आणि लवचिक आहे, पण त्याच्यावर डिंक, शाई, रंग यांपैकी काहीच सहजी धरत नाही. कारखान्यात त्याच्यावरून क्षणभर ज्योत फिरवतात किंवा खास प्रायमर लावतात, तेव्हा कुठे रंग बसतो. म्हणून खरचटलेला बंपर घरी रंगवायचा की गॅरेजला द्यायचा, हा प्रश्न पैशांच्या आधी रंग धरण्याचा आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात बंपर खरचटायला निमित्त शोधावे लागत नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या अरुंद रस्त्यांवरून चालतात, शिर्डी-शिंगणापूरच्या वाहनतळांवर गर्दी असते, गावात जुन्या वाड्यांच्या दगडी कोपऱ्यांवरून गाडी वळवावी लागते. यावर उपाय म्हणून पुढे लोखंडी गार्ड बसवण्याची पद्धत होती, अजूनही काही ठिकाणी दिसते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवले की असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्ध आहेत. कारणही रास्त आहे: पायी चालणाऱ्याला त्यांचा मार जबर लागतो आणि एअरबॅग उघडण्याचे गणितही बिघडू शकते. ओरखडा परवडला, गार्ड नको.

ओरखडा किती खोल आहे हे आधी पाहावे. बंपर धुऊन ओल्या फडक्याने तो भाग भिजवावा. ओलाव्यात ओरखडा दिसेनासा झाला, तर इजा फक्त वरच्या पारदर्शक थराला आहे. रबिंग-पॉलिशने काम भागते, रंगाचा डबा आणण्याची गरज नाही. भिंतीचा किंवा दुसऱ्या गाडीचा रंग बंपरवर चढला असेल तर तोही पुष्कळदा पॉलिशने निघतो. भिजवूनही ओरखडा तसाच राहिला आणि नख अडकत असेल, तर रंगाचा थर कापला गेला आहे. आत काळे प्लास्टिक उघडे पडले असेल, तर प्लास्टिकचा प्रायमर लागणार. आणि कवचाला तडा गेला असेल किंवा क्लिपा तुटून बंपर एका बाजूने लोंबत असेल, तर तो रंगाचा विषयच नव्हे. मागचा फोम आणि पट्टी उघडून पाहिल्याशिवाय त्याच्यावर रंग चढवणे म्हणजे नुकसान झाकून ठेवणे होय.

बहुतेक काम बिघडते ते रंगाच्या आधीच, आणि तेही एकाच जागी: धुणे आणि घासणे यांच्या मधली पायरी गाळल्यामुळे. गाडी शाम्पूने धुतली की लोक पॉलिश पेपर हातात घेतात. पण बंपरवर मेण असते, टायर आणि काळे प्लास्टिक चमकवणाऱ्या द्रवातले सिलिकॉन उडालेले असते, वॉशिंगला खालून डिझेल मारले असेल तर त्याचाही थर असतो. शाम्पूने हे पुरते निघत नाही. तशाच बंपरवर पेपर फिरवला की पेपर प्रत्येक चरीत ते तेल रगडून बसवतो. मग वर कितीही महागडा रंग मारला तरी तो जागोजागी गोल फाकतो, कारागीर ज्याला फिश आय म्हणतात ते पडतात, नाहीतर सहा महिन्यांत पोपडा निघतो. म्हणून क्रम असा: आधी धुणे, मग ग्रीस रिमूव्हर लावलेल्या एका फडक्याने पुसणे आणि ते वाळण्याआत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपणे, मग घासणे, आणि घासून झाल्यावर पुन्हा तेच पुसणे. पेट्रोलने पुसणे हा पर्याय नाही. ते मागे थर ठेवते आणि आगीला निमंत्रण देते.

पितळी पातेल्याला कल्हई करताना पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. कल्हईवाला आधी पातेले घासून तेलकटपणा घालवतो, भात्याने भट्टी फुलवून ते तापवतो, आणि मग चिमूटभर नवसागर टाकतो. पांढरा धूर निघतो, पितळेवरचा मळका थर सुटतो, आणि त्याच क्षणी कथील टेकवून तो कापसाच्या बोळ्याने फिरवतो. कथील आरशासारखे पसरते. नवसागर नसेल तर तेच कथील थेंब होऊन घरंगळते. बंपरवर रंग म्हणजे कथील, आणि प्लास्टिकचा प्रायमर म्हणजे नवसागर. पाहणाऱ्याचे डोळे कथिलाकडे असतात, पैसेही कथिलाचेच मोजले जातात. पण पातेले वर्षभर टिकवतो तो नवसागर, जो धूर होऊन निघून गेलेला असतो. कल्हईवाला खरकट्या पातेल्यावर नवसागर टाकत नाही, आणि टाकला तर उपयोग होत नाही. बंपरचेही तसेच: तेल न काढता प्रायमर मारणे व्यर्थ आहे. फरक एवढाच की पातेले तापवता येते, प्लास्टिक तापवले तर वाकते. मोटारीचे लोखंडी अंग कारखान्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात. बंपर साधारण ८० अंशांच्या आसपासच भाजावा लागतो. तो वेगळा रंगवला जातो, त्यामुळे नव्या गाडीतही बंपरची छटा शेजारच्या पत्र्याहून किंचित निराळी दिसू शकते.

घासण्यासाठी पाणी लावून वॉटर पेपर वापरावा. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. ओरखड्याची धार मोडायला ३२० ते ४००, प्रायमरवर ६०० ते ८००. उघड्या प्लास्टिकवर जाड पेपर चालवला तर त्याचे बारीक केस उभे राहतात आणि ते रंगाखालूनही दिसतात. कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरीच्या कालव्याखालच्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी क्षाराचे असते. ते पाणी बंपरवर तसेच वाळले तर क्षार रंगाखाली राहतात, ओल ओढतात आणि पुढे फोड येतात. शेवटचे धुणे फिल्टरच्या पाण्याने करावे. खर्च एका बादलीचा.

हवेचेही ऐकावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर गेला की दुपारी रंगाचे कण हवेतच वाळतात आणि बंपरवर भुकटीसारखे खरखरीत बसतात. पावसाळ्यात, विशेषतः अकोल्याच्या घाटघर-रतनवाडीकडे, दमट हवेने रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत, दव उडून गेल्यावरची सकाळ सर्वांत चांगली. वारा पडलेला असावा आणि जमीन पाणी मारून दाबलेली असावी, नाहीतर कर्जत-जामखेडची धूळ क्लिअरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, अडकते. रंग एका जाड हातात मारायचा मोह टाळावा. पातळ तीन हात, मध्ये वाळायला वेळ. जाड हाताला ओघळ येतोच.

रंग जुळवणे हा घरी करणाऱ्याचा खरा कमकुवत मुद्दा. रंगाचा कोड गाडीवरच्या पट्टीवर असतो, कंपनीप्रमाणे दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली. मारुतीच्या साध्या पांढऱ्याचा कोड २६यू, चंदेरीचा झेड२एस. पांढरा साधा रंग आहे, कोडबरहुकूम घेतला तर घरीही बराचसा जुळतो. चंदेरीत अॅल्युमिनियमचे बारीक पत्रे असतात. फवारा किती दाबाने, किती लांबून, किती ओला पडला यावर ते कसे आडवे पडतात हे ठरते आणि छटा बदलते. डब्याच्या फवाऱ्यावर तेवढा ताबा राहत नाही. गॅरेजमधला चांगला कारागीर रंग शेजारच्या पत्र्यापर्यंत विरळ करत नेतो, म्हणून डोळा फसतो. पर्लच्या तीन थरी रंगांची गोष्ट आणखी वेगळी आहे, पण तिला इथे वेळ नाही. ते रंग घरी करूच नयेत.

क्लिअरविषयी मात्र घाई करून चालणार नाही. साध्या डब्यातला क्लिअर पेट्रोलने मऊ पडतो. हार्डनर मिसळलेला क्लिअर टिकतो, पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. कागदी मास्क, ओला रुमाल यांनी ते अडत नाही. जिल्ह्यातल्या कितीतरी छोट्या गॅरेजांत तोंडाला फडके बांधून पोरे दिवसभर गन चालवतात. बाहेरून हवा देणारा मास्क मालकाने आणायलाच हवा, आणि गाडी देणाऱ्यानेही त्याची चौकशी करावी. घरच्या बंद शेडमध्ये हार्डनरचा क्लिअर मारू नये.

विमा असला की सरळ क्लेम करावा असे पुष्कळांना वाटते. एक हिशेब धरून पाहावा. रंगाचे बिल ४,००० रुपये आले. विम्याच्या नियमाने त्यातला २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि त्यावर निम्मी घसारा कपात करतात, म्हणजे ५०० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये. हाती आले २,५००. पण नो क्लेम बोनस शून्यावर येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० असेल आणि बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल, तर पुढच्याच वर्षी ४,००० रुपये जास्त भरावे लागतात. नुसत्या ओरखड्यासाठी क्लेम करणे बहुधा तोट्याचे.

मग निवड अशी ठरते. बंपरचा खालचा कोपरा, तळहाताएवढी जागा, साधा रंग, आणि पुसण्याची ती मधली पायरी करण्याचा धीर असेल, तर घरी करावे. मोठा भाग, चंदेरी किंवा पर्ल, तडा, किंवा पार्किंग सेन्सर असलेला बंपर गॅरेजला द्यावा. सेन्सरवर रंगाचा जाड थर बसला तर तो नीट काम करत नाही. पण गॅरेजला दिले म्हणजे मधली पायरी झालीच, असे धरू नये. भाव विचारण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: घासण्याआधी ग्रीस काढणार का, आणि उघड्या प्लास्टिकला प्लास्टिकचा प्रायमर लावणार का. लोखंडाचाच प्रायमर मारून देणारे असतात. काम झाल्याच्या दिवशी ते चमकते, पहिल्या प्रेशर वॉशला सोलते. स्वस्त बिलात जे गाळले जाते ते हेच, कारण ते दिसत नाही.

बंपर काढून रंगवायचा असेल तर नंबरप्लेट सांभाळावी. उच्च सुरक्षा पाटीचे लॉक एकदाच बसते. काढायला गेले की तुटते आणि अधिकृत विक्रेत्याकडून नवे घ्यावे लागते. पाटी जागेवर ठेवून टेप-पेपर लावणे सोयीचे. मूळ रंगच पुन्हा मारला तर आरटीओत काही नोंदवावे लागत नाही. गाडीचा रंगच बदलला तर मात्र नोंद हवी, मग ती एमएच १६ असो वा १७.

रंग झाल्यावर निदान आठवडाभर प्रेशर वॉश मारू नये आणि महिनाभर मेणाचे पॉलिश लावू नये, कारण वरून कोरडा वाटला तरी रंगातले थिनर त्या काळात आतून उडत असते.