पिकअपची पुढची स्प्रिंग बदलताना

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट आणणाऱ्या पिकअपच्या मागे पाटे असतात. हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या गाड्यांना पुढे मात्र शॉकअपवर चढवलेली स्प्रिंग असते. हौशी मंडळी तिच्या जागी उंची कमीजास्त करता येणारं कॉइलओव्हर बसवतात.

यात खरी भीती दाबलेल्या स्प्रिंगची. शॉकअपच्या माथ्यावरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता सोडला, तर ती उसळून जबडा फोडू शकते. हे काम घरी करूच नका. गॅरेजमध्येही गाडी नुसत्या जॅकवर नको. चासीखाली स्टँड आणि मागच्या चाकांना ठोकळे हवेतच. सस्पेन्शन आर्मच्या बुशचे बोल्ट चाकं टेकल्यावर, गाडीचं वजन आल्यावरच पक्के आवळायचे; लोंबत्या चाकावर आवळले की बुश पिळवटून लवकर फाटतात. ब्रेकचा होज ताणला जात नाही ना, तेही बघा. मग अलाइनमेंट करा आणि पुढची उंची वाढली असेल, तर हेडलाइटचा झोत खाली घ्या.

स्प्रिंग जाड झाली म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही; कसारा घाट उतरताना ब्रेक जुनेच असतात! मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, तेव्हा खर्चाआधी आरटीओत विचारा. काही शे किलोमीटर चालल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासून घ्या; खडखड आली, तर त्याआधीच.