सणाची खरेदी आणि घराण्यातले आजार
अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण येतो आणि पुढच्या सोमवारी ऑनलाइन खरेदीची झुंबड उडते. या सोमवारला ‘सायबर मंडे’ हे नाव २००५ मध्ये मिळाले. कचेरीतल्या वेगवान इंटरनेटवरून नोकरदार मंडळी तेव्हा नाताळची खरेदी उरकत.

अलीकडे भेटवस्तूंमध्ये लाळेवरून जनुके तपासणारे संचही असतात. स्तनाच्या कर्करोगाशी निगडित ‘बीआरसीए’ जनुकांतले तीनच बदल शोधणाऱ्या घरगुती चाचणीला तिथल्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये परवानगी दिली. असे अपायकारक बदल मात्र हजाराहून अधिक आहेत. त्यामुळे ‘दोष आढळला नाही’ एवढ्यावर निर्धास्त राहणे धोक्याचे. सदोष जनुक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि ते वडिलांकडूनही येते, हे पुष्कळदा विसरले जाते. आत्याचा आजार मावशीच्या आजाराइतकाच महत्त्वाचा.

थँक्सगिव्हिंगचा दिवस २००४ पासून कौटुंबिक आरोग्य-इतिहासाचा दिवस म्हणूनही पाळला जातो. जेवायला जमलेल्या वडीलधाऱ्यांना कोणाला, कोणत्या वयात, काय झाले होते हे विचारून लिहून ठेवायचे. याला पैसा लागत नाही. जवळच्या नात्यात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झालेला असल्यास ती नोंद डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.