रक्तातील साखरेचा आकडा : साक्षीदार की न्यायाधीश?



आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या मनात साहजिकच आले असेल, की रक्तातील साखरेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला? आम्ही डॉक्टर नव्हे, आणि कोणी कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा आमचा अधिकारही नव्हे. पण मोजमाप हा आमचा जुना विषय आहे. जेथे कामाच्या मापावर मजुरी ठरते, तेथे माप कोण घेतो, कशाने घेतो आणि ते पुन्हा तपासून पाहण्याचा हक्क कोणाला आहे, याच प्रश्नांवर आमची निम्मी भांडणे झाली. एकदा का आकडा कागदावर चढला, की तो वजनकाट्यावरच्या पोराने लिहिलेला असला तरी वेदवाक्य होऊन बसतो.

साखरेचा आकडा आज असाच घरोघर जाऊन बसला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्या देशात मधुमेहाची माणसे दहा कोटींवर आहेत. एवढ्या माणसांचे खाणेपिणे, औषध, आणि पुष्कळांची नोकरीसुद्धा या आकड्यावर अवलंबून आहे. म्हणून या आकड्याची योग्यता काय, हे सामान्य माणसाने समजून घेतलेच पाहिजे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की हा आकडा साक्षीदार आहे. त्याची साक्ष जरूर घ्यावी, पण उलटतपासणी केल्यावाचून त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नये.

प्रथम थोडा इतिहास पाहू. पूर्वी साखर रक्तात न पाहता लघवीत पाहत. बेनेडिक्टचे निळे द्रावण लघवीबरोबर उकळायचे. साखर असली तर रंग हिरवा, पिवळा, आणि फार असली तर विटेसारखा तांबडा होई. परंतु रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. म्हणजे चोर घरातून निघून गेल्यावर दाराशी पावले पाहायची, तसाच तो प्रकार. १९६५ साली अमेरिकेत रक्ताचा थेंब टाकून रंग पाहण्याची पट्टी निघाली आणि १९७० च्या सुमारास तो रंग वाचणारे यंत्र आले. हे यंत्र दवाखान्यांसाठी होते. रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या मधुमेही इंजिनिअराने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर मिळवले आणि घरच्या घरी दिवसातून अनेकदा आपली साखर मोजू लागला. रोग्याने स्वतः मोजावे ही कल्पना तेव्हा वैद्यकांना मानवली नव्हती. आज ती उपचाराचा आधार झाली आहे. माप रोग्याच्या हाती आले ही मोठी गोष्ट झाली, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो; कारण पुढे जे बोलणार आहोत ते यंत्र फेकून द्या असे सांगण्यासाठी नव्हे.

आता यंत्र करते काय? पट्टीवर एक विकर असते. रक्तातील ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया झाली की अगदी बारीक वीजप्रवाह निर्माण होतो, आणि त्यावरून यंत्र आकडा काढते. या कामात किती चूक क्षम्य मानावी, याचे आंतरराष्ट्रीय मानक २०१३ साली सुधारून ठरले. खरी साखर १०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर पंधरा मिलिग्रॅम इकडेतिकडे, आणि शंभर किंवा त्याहून अधिक असेल तर शेकडा पंधरा इकडेतिकडे. शंभरांतली पंच्याण्णव मापे या मर्यादेत बसली म्हणजे यंत्र पास! याचा अर्थ घरगुती हिशेबात असा, की खरी साखर २०० असताना यंत्राने १७० दाखवले काय किंवा २३० दाखवले काय, ते यंत्र खोटे ठरत नाही. काल १४८ होती, आज १५९ झाली, म्हणून जी माउली दुपारची भाकरी टाकून देते, तिने हा हिशेब एकदा मांडून पाहावा. त्या अकरांच्या फरकात तिचा दोष काहीच नसेल.

हीच पंधराची सूट खालच्या अंगाला मात्र धोक्याची ठरते. सत्तरच्या खाली साखर गेली की ती कमी समजतात. खरी साखर ६२ असताना यंत्राने ७५ दाखवले तर यंत्र नियमात आहे, पण माणूस संकटात आहे. म्हणून इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, तर आकड्याशी वाद घालत बसू नये. आधी तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. येथे शरीराची साक्ष यंत्राच्या साक्षीपेक्षा मोठी मानावी.

ही झाली निर्दोष यंत्राची गोष्ट. त्यात आपला हातभार लागतो तो वेगळा, आणि येथे हात हा शब्द आम्ही अक्षरशः वापरतो. सध्या आंब्याचे दिवस आहेत. आंबा चिरून, हात धोतराला पुसून कोणी बोट टोचले, तर रक्ताच्या थेंबाबरोबर आंब्याची साखरही मोजली जाते. जपानमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फळे सोललेल्या बोटांवर हाच प्रयोग केला. आकडे भलतेच चढले, आणि स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसूनही ते पुरते उतरले नाहीत. साध्या वाहत्या पाण्याने धुतल्यावर उतरले. तेव्हा हात पाण्याने धुवावेत, कोरडे करावेत आणि मगच टोचावे. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नये. कोकणातल्या पावसाळी हवेने आणि विदर्भातल्या उन्हाळ्याने त्या बिघडतात. मुदत संपलेली पट्टी स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

रक्ताची जातही पाहावी लागते. ज्याच्या रक्तात तांबड्या पेशी कमी, त्याचा आकडा पुष्कळ यंत्रांवर खऱ्याहून जास्त येतो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ रक्तक्षयी आढळल्या. ज्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांचे रक्त कमी, तेथे ही बाब बारीक टायपातली सूचना म्हणून सोडून देता येणार नाही. आणि पट्टीची चूक जिवावर बेतू शकते याचाही पुरावा आहे. एका जातीच्या पट्टीला ग्लुकोज आणि माल्टोज यांतला फरक कळत नसे. पोटातून डायलिसिस करताना वापरायच्या एका द्रावणापासून रक्तात माल्टोज येई. यंत्र ती साखर समजे, आणि रोग्याला नको असलेले इन्शुलिन दिले जाई. १९९७ पासून अशा पट्ट्यांशी संबंधित तेरा मृत्यूंची नोंद झाल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ साली जाहीर केले.

मग आपण म्हणाल, घरचे यंत्र राहू द्या, प्रयोगशाळेत जाऊ. जरूर जावे. चांगल्या प्रयोगशाळेचे यंत्र घरच्या यंत्राहून पुष्कळ काटेकोर असते, आणि रोगाचे निदान तेथल्याच मापावर व्हावे. पण यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी रक्ताला प्रवास करावा लागतो. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळीत, नेहमीच्या उष्णतेला, तासाला शेकडा पाच ते सात साखर अशी नाहीशी होते. गावच्या शिबिरात सकाळी आठला काढलेले रक्त दुपारी बाराला तालुक्याला पोहोचले, तर ज्याची साखर १३० होती त्याची शंभराच्या आसपास भरण्याचा संभव आहे. माणूस मधुमेही, आणि कागद सांगतो निरोगी! नळीत फ्लोराइड घालतात ते हे खाणे थांबवण्यासाठी. पण त्याचा पुरा अंमल बसायला तास-दोन तास लागतात. नमुना बर्फात ठेवणे आणि अर्ध्या तासात रक्तद्रव वेगळा करणे हा खरा उपाय आहे.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही आणि एका दिवसाच्या पथ्याने फसतही नाही. परंतु तिचा सारा आधार तांबड्या पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यावर आहे. लोहाच्या कमतरतेने हा आकडा खोटा चढू शकतो. ज्या आजारांत पेशी लवकर फुटतात, त्यांत तो खोटा उतरतो. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या आदिवासी समाजांत सिकलसेलचा आजार आढळतो. तेथे केवळ या आकड्यावर विसंबणे बरे नव्हे.

एवढे सगळे आम्ही का शिकलो, तर प्रसंग आला म्हणून. एका कारखान्याच्या वार्षिक तपासणीत क्रेन चालवणाऱ्या एका कामगाराचे बोट फाटकाजवळ टोचले. आकडा आला २१४. त्याच आठवड्यात त्याला क्रेनवरून उतरवून झाडलोटीला लावले, भत्ता गेला. आम्ही व्यवस्थापनाला चारच प्रश्न लेखी विचारले. जेवणानंतर किती वेळाने मोजले? रक्त बोटाचे की शिरेचे? पट्टीची मुदत कोणती? आणि दुसऱ्यांदा मोजले काय? एकाचेही उत्तर त्यांच्याकडे नव्हते. खाल्ल्यानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा मुळातच जास्त असते. लक्षणे नसतील तर एका तपासणीवर मधुमेह ठरवू नये, दुसऱ्या तपासणीने खात्री करावी, हा वैद्यकाचा सर्वमान्य नियम आहे. त्या कामगाराची उपाशीपोटी शिरेच्या रक्ताची तपासणी दोनदा करवली. आकडे आले १०८ आणि १११. मधुमेहाची रेषा आहे १२६ ची. तो क्रेनवर परत गेला. मात्र शंभरच्या पुढचा आकडा ही धोक्याची सूचना आहे, हेही आम्ही त्याला बजावून सांगितले.

कारण नाण्याची दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. "यंत्रे काय, खोटीच असतात" असे म्हणून तीनशे वीसचा आकडा खिशात घालून वर्षभर हिंडणारे गडीही आमच्यातच आहेत. त्यांना आम्ही विचारतो, बाबा रे, शेकडा पंधरा वजा केले तरी तीनशे विसाचे पावणेतीनशेच्या जवळ उरतात की नाही? तुझी सुटका त्यात कोठे आहे? मापातली चूक ठाऊक असणे निराळे आणि चुकीची सबब करून पाय गमावणे निराळे.

तेव्हा करायचे काय? वाण्याच्या तराजूवर ठराविक मुदतीने सरकारी शिक्का बसतो. घरच्या यंत्रावर तो मारायला कोणी येत नाही. ते काम आपणच करावे. यंत्राबरोबर चालणारे कंट्रोल सोल्यूशन म्हणजे आपला प्रमाण वजनाचा दगड; पट्ट्यांची नवी डबी उघडली की त्याने एकदा ताडून पाहावे. वर्षातून एकदोनदा यंत्र घेऊन प्रयोगशाळेत जावे आणि उपाशीपोटी, शिरेतून रक्त काढतात त्याच वेळी बोट टोचून आकडा लिहावा. फरक शेकडा पंधराच्या आत असला तर यंत्राशी संसार चालू ठेवावा. सकाळचा प्रयोगशाळेचा आकडा आणि दुपारचा घरचा आकडा यांची तुलना करू नये. त्या दोन वेळच्या दोन गोष्टी आहेत. प्रत्येक आकड्यापुढे वेळ आणि खाणे लिहावे, आणि डॉक्टरांना एक आकडा न दाखवता ही वही दाखवावी.

प्रयोगशाळेलाही विचारावे, की बाहेरून आलेल्या नमुन्यांवर तुमची परीक्षा होते काय? वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी परीक्षा चालवते, आणि राष्ट्रीय पातळीवर एनएबीएलची मान्यताही मिळते. पण ती घेणे ऐच्छिक आहे. हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. पैसे देऊन माल घेणाऱ्याने तराजू पाहिला तर चांगला दुकानदार रागावत नाही.

ज्यांच्याकडे यंत्र नाही, प्रयोगशाळा दूर आहे, त्यांचा प्रश्न एकट्याने सुटणारा नाही. कारखान्यात, शिबिरात, सरकारी दवाखान्यात नमुना वेळेत पोहोचेल अशी व्यवस्था असावी आणि दुसऱ्या तपासणीवाचून कोणाच्या भाकरीला हात लागू नये, ही मागणी एकत्र येऊनच करावी लागेल. मजुरीचे माप तपासण्याचा हक्क आम्ही भांडून मिळवला. स्वतःच्या रक्ताचे माप तपासण्याचा हक्क त्याहून लहान नाही.