सेनानींची नावे आणि आपले वाचनालय
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा आपण आम्हांस केली, याबद्दल आम्ही न्यासाचे ऋणी आहोत. आम्ही कोणी इतिहासपंडित नव्हे. याच राजेश्वरात लहानाचे मोठे झालो, येथल्याच शाळेत पाटी गिरवली, एवढाच काय तो आमचा अधिकार.

आजचा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. न्यासाच्या नव्या वाचनालयाला एखाद्या थोर सेनानीचे नाव द्यावे, अशी सूचना आपल्या तरुण मंडळींनी केली. सूचना चांगली आहे. परंतु नाव कोणाचे, यावरून पारावर आणि चहाच्या दुकानात जी बोलणी चालली आहेत, ती ऐकून आमच्या जिवाला थोडी काळजी लागली. आपल्या गावात मराठी, कानडी आणि उर्दू या तिन्ही भाषा एका अंगणात नांदतात. नावावरून एक घर जरी दुखावले, तरी त्या घरची मुले वाचनालयाची पायरी चढणार नाहीत. मग नाव राहील आणि वाचनालय जाईल. म्हणून इतरत्र सेनानींची नावे कशी पडली, कोणती टिकली, हे आधी पाहू या.

सिंहगडाची गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे कोंढाण्यावर पडले आणि त्यांच्यावरून गडाला सिंहगड नाव मिळाले, असे आपण मानतो. पण शिवकालीन पत्रांत सिंहगड हे नाव १६६३ सालीच आढळते. म्हणजे नाव आधीपासून होते. लोकांनी ते उचलून तानाजीरावांच्या पायाशी ठेवले. कोणाचा हुकूम नव्हता, कोणी फलक लावला नव्हता. पोवाडे गाणाऱ्या शाहिरांनी आणि ऐकणाऱ्या रयतेने ते काम केले. पावनखिंडीचेही तसेच. १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांचे मावळे जेथे लढले, ती घोडखिंड. तिची पावनखिंड झाली. त्या नावात बाजीप्रभूंचे एक अक्षरही नाही, तरी नाव घेताच बाजीप्रभूच डोळ्यांपुढे उभे राहतात.

आता आपल्या बीदरकडे वळू. बीदरला जाऊन मदरसा पाहिला नाही, असे घर या सभेत क्वचित असेल. महमूद गवान इराणच्या गिलान प्रांतातून आलेला, बहमनी राज्याचा वजीर आणि फौजेचा नामांकित सरदार. १४७२ साली त्याने गोवा जिंकून घेतले आणि त्याच साली बीदरचा मदरसा उभा राहिला. पुढे शत्रूंनी बनावट पत्र रचले, सुलतानाने त्यावर विश्वास ठेवला आणि १४८१ साली त्याचा वध करविला. त्याने जिंकलेला मुलूख कधीच दुसऱ्यांच्या हाती गेला. मदरशाचा बराच भाग दारूच्या स्फोटाने कोसळला. तरीही साडेपाचशे वर्षांनंतर शेतकऱ्यापासून पोरासोरांपर्यंत सर्वांच्या तोंडी गवानचे नाव आहे. ते किल्ल्यामुळे राहिले नाही, शाळेमुळे राहिले, हे आज वाचनालय उघडताना आपण ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट हैद्राबादेची. १९४८ पर्यंत आपला मुलूख ज्या संस्थानात होता, त्याची ती राजधानी. तेथे मूसारामबाग नावाचा भाग आहे. आपली कितीतरी मुले पोटापाण्यासाठी तिकडे असतात. २०१८ पासून त्या नावाचे मेट्रोचे स्टेशनही झाले आहे. हा मूसाराम कोण? तो मिशेल रेमंड नावाचा फ्रेंच सेनानी. निजामाच्या फौजेचा तो सरदार होता. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत तो मराठ्यांच्या विरुद्ध उभा होता. त्याच साली निजामाचा मुलगा अलीजाह याने बंड करून बीदर धरले, तेव्हा ते मोडायला रेमंडलाच धाडले होते. २५ मार्च १७९८ रोजी तो वारला. परक्या देशाचा, परक्या धर्माचा हा माणूस. पण हिंदू त्याला मूसा राम म्हणू लागले, मुसलमान मूसा रहीम म्हणू लागले आणि त्याच्या कबरीवर वर्षानुवर्षे उरूस भरत असे. मूळचे नाव जिभेला जड, म्हणून लोकांनी ते आपल्या जिभेप्रमाणे वळवून घेतले आणि ज्याने त्याने त्यात आपला देव पाहिला. दोन समाजांनी एक नाव वाटून घेतल्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

आता थोडे मुंबईकडे. व्हिक्टोरिया टर्मिनसला १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव मिळाले, २०१७ साली त्यात महाराज हा शब्द घातला गेला. ज्या महाराजांनी स्वतःचे सैन्य आणि आरमार उभे केले, त्यांचे नाव देशातल्या एवढ्या मोठ्या स्थानकाला असणे योग्यच. पण प्रवासी काय म्हणतो? आधी व्हीटी म्हणत होता, मग सीएसटी म्हणू लागला, आता सीएसएमटी म्हणतो. त्या चार अक्षरांत महाराज कुठे दिसतात? दोष महाराजांच्या नावाचा नाही, आपल्या घाईचा आहे.

गोरेगावात जनरल अरुणकुमार वैद्य मार्ग आहे. लोक त्याला फिल्म सिटी रोड म्हणतात. हे वैद्य अलिबागचे. १९६५ च्या युद्धात त्यांनी डेक्कन हॉर्स या रणगाडा पलटणीचे नेतृत्व करून महावीरचक्र मिळविले, १९७१ साली ते दुसऱ्यांदा मिळविले. १९८३ साली ते सरसेनापती झाले. निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात मारेकऱ्यांनी त्यांची हत्या केली. त्या डेक्कन हॉर्सची मुळे १७९० पर्यंत मागे, हैद्राबादच्या निजामाच्या घोडदळात जातात, म्हणजे ती एका अर्थी आपल्याच मुलुखाची पलटण. आमचे स्वतःचे मत विचाराल तर आम्ही वैद्यांचे नाव सुचवू. परंतु आमचा हट्ट नाही. कारण ज्या रस्त्यावर त्यांचे नाव लिहिले आहे, तेथून रोज जाणाऱ्यालाही ते कोण होते हे कोणी सांगत नाही. आपणही फलक लावून मोकळे झालो, तर आपले वाचनालयही लोकांच्या तोंडी 'बसस्टँडजवळची खोली' एवढेच राहील.

म्हणून आमच्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, नाव कोणाचेही ठरो, फलक तिन्ही भाषांत असावा आणि त्याखाली त्या सेनानीने काय केले हे चार सोप्या ओळींत लिहावे. चौथीतल्या मुलाला वाचता आले पाहिजे.

दुसरी, वाचनालयात एक वही ठेवावी. आपल्या गावातून आणि पंचक्रोशीतून जे जे सैन्यात गेले, त्यांची नावे त्यांच्या घरच्यांनी येऊन आपल्या हाताने तीत लिहावीत. सेनापतीचे नाव दारावर असेल, तर शिपायाचे नाव आत असावे. ज्या मातेने मुलगा सीमेवर धाडला, तिला दारावरच्या नावाहून त्या वहीचे मोल अधिक वाटेल.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. एकमत होईपर्यंत नाव देऊ नये, पण वाचनालय मात्र उद्याच उघडावे. दादरचे शिवाजी पार्क आपण ऐकून आहात. ते मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. पुढे नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. मैदान आधी आले, मुले खेळू लागली, नाव मागाहून आले. आज ते नाव कोणाला विसरता म्हणून विसरता येत नाही. आपणही तसेच करू. कुलूप उघडू, पुस्तके मांडू, दिवा लावू. सायंकाळी तिन्ही भाषांची मुले एका सतरंजीवर बसू लागली म्हणजे नाव ठरवायला फार वेळ लागणार नाही, आणि जे ठरेल ते सर्वांचे असेल.

वडीलधाऱ्यांसमोर आम्ही अधिक-उणे बोललो असल्यास लहान समजून क्षमा करावी. न्यासाच्या पुढील पन्नास वर्षांना आमच्या हार्दिक शुभेच्छा. जय हिंद!