उशिराचा भार कोणी वाहायचा?



मरुदानल्लूरमध्ये मराठीतून बोलायला मिळणे हा मी माझा बहुमान समजतो. दक्षिणेतल्या नामसंकीर्तनाला ज्यांनी रीत लावून दिली, त्या सद्गुरू स्वामींचे हे गाव. बोधेंद्र, श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे स्वामी ही तीन नावे इथे एकत्रच उच्चारली जातात. तमिळ, तेलुगू आणि संस्कृत पदांच्या बरोबरीने मराठी अभंग गाणारी भजनी परंपरा या मुलखात आजही जिवंत आहे. तेव्हा संमेलनाध्यक्षाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी तुमची अपेक्षा असेल तर ती रास्तच आहे. पण मी आज बोलणार आहे ते काम गेलेल्या माणसाबद्दल. त्याला मिळायच्या भत्त्याबद्दल, त्यासाठी मागितल्या जाणाऱ्या कागदांबद्दल, महिनोन्महिने अडकलेल्या रकमेबद्दल आणि एकदा दिलेले पैसे परत मागणाऱ्या नोटिशीबद्दल. हा विषय साहित्याबाहेरचा आहे असे मला वाटत नाही, आणि तंजावरच्या मराठी माणसाला तर तो मुळीच परका नाही.

२९ ऑक्टोबर १८५५ रोजी तंजावरचे दुसरे शिवाजी महाराज वारले. औरस पुत्र नव्हता. १७९९ च्या तहानंतर भोसल्यांची सत्ता तंजावरच्या किल्ल्यापुरती आणि त्याच्या आसपासच्या थोड्या भागापुरतीच उरली होती. ईस्ट इंडिया कंपनीने आता तीही संपवली. इतिहासाच्या पुस्तकात ही हकीकत दोन ओळींत उरकते. पण दरबार म्हणजे फक्त राजा नसतो. गायक, वादक, नर्तकी, मोडी लिहिणारे कारकून, वैद्य, पोथ्या सांभाळणारे, पागेवरचे लोक, मुदपाकखान्यातले लोक अशा सगळ्यांची पोटे त्या एका दाराशी बांधलेली होती. ते दार मिटले तेव्हा इथली किती तरी कलावंत घराणी मद्रासकडे गेली. कर्नाटक संगीताचे केंद्र मद्रासला सरकले, असे आपण अभिमानाने सांगतो. त्या सरकण्यात बेकारीचा वाटा केवढा होता, हे मात्र आपण क्वचितच बोलतो.

१८ ऑक्टोबर १८५६ रोजी कंपनीचा अधिकारी फोर्ब्स याने राजवाड्याची मालमत्ता ताब्यात घेतली. थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. ही राज्यसत्तेची कृती आहे आणि दिवाणी न्यायालयाला तिच्यात हात घालता येणार नाही, असे ठरले. पुढे १८६२ मध्ये सरकारने मालमत्ता राण्यांना दिली, पण ती मेहेरबानी म्हणून. त्या देण्याचे स्वरूप काय, याचा वाद नंतर मद्रास उच्च न्यायालयातही गेला. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर नियमच घालून दिला: पेन्शनबद्दल दिवाणी दावा लावायचा असेल तर आधी कलेक्टरचा दाखला आणा. ज्याच्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच परवानगीने कोर्टाची पायरी चढायची.

स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात आणि १९८२ मध्ये नकारा खटल्यात स्पष्ट केले की पेन्शन ही कृपा नव्हे, कर्मचाऱ्याचा तो हक्क आहे. निवृत्त नोकरदाराला हा न्याय मिळाला. काम शोधणाऱ्या, किंवा काम असताना अचानक ते गमावलेल्या माणसापर्यंत तो अजून पुरता पोचलेला नाही. माझे सगळे म्हणणे एवढ्यातच आहे. एखादे देणे हक्काचे आहे की मेहेरबानीचे, हे कायद्याच्या नावावरून ओळखू नका. उशीर झाला किंवा चूक झाली तर त्याची किंमत कोण मोजतो, ते पाहा.

तमिळनाडू सरकारची बेरोजगार साहाय्य योजना घ्या. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून पाच वर्षे झालेली असली पाहिजेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७२,००० रुपयांच्या आत हवे. वयाची अट ४० वर्षे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ४५. दहावी नापासाला महिना २०० रुपये, उत्तीर्णाला ३००, बारावीला ४००, पदवीधराला ६००. मुदत तीन वर्षे. आता हिशेब मांडा. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातून पदवी घेतलेल्या मुलाला पाच वर्षे वाट पाहिल्यावर दिवसाला २० रुपये मिळतात. त्यासाठी उत्पन्नाबद्दल तहसील कचेरी, नोंदणीबद्दल सेवायोजन कार्यालय आणि पासबुकासाठी बँक अशा खेपा त्याने घालायच्या. दरवर्षी 'मला अजून काम मिळालेले नाही' असे हमीपत्र द्यायचे. नोंदणीचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी. ते चुकले तर ज्येष्ठता धोक्यात. या अटींपैकी एकेक अट पाहिली तर समजण्यासारखी आहे. सार्वजनिक पैसा आहे, तपासणी हवीच. पण अर्जदाराने पाळायच्या तारखा जेवढ्या काटेकोरपणे लिहिल्या जातात, तेवढ्याच काटेकोरपणे कार्यालयाने पाळायची तारीख त्याच्या हातात कधी पडते का?

कर्मचारी राज्य विम्याखालच्या कामगारासाठी १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. इथे तर प्रश्न कृपेचा उरतच नाही. कामगाराच्या पगारातून दरमहा पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. हा विमा आहे. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ९० दिवस, आधी सरासरी मजुरीच्या २५ टक्के आणि करोनाच्या साथीत २४ मार्च २०२० पासून ५० टक्के, अशी मदत ठरली. त्या वेळी एक चांगला बदलही झाला. अर्ज मालकामार्फत करण्याची सक्ती गेली आणि कामगार स्वतः दावा करू लागला. ज्याने कामावरून काढले त्याच्याच सहीसाठी त्याच्या दारात उभे राहायचे, ही जुनी रीत किती क्रूर होती, हे ती भोगलेल्यालाच ठाऊक.

तरीही अटी उरतातच. दोन वर्षे विम्याखालची नोकरी हवी, लगतच्या वर्गणी-कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि गैरवर्तनासाठी काढलेले किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेली नको. कागदावर सोपे वाटते. पण ठेकेदाराने वर्गणी कापली आणि भरलीच नाही तर? जाताना कोऱ्या राजीनाम्यावर सही घेतली तर? आधार कार्डावर नावाचे एक स्पेलिंग आणि विम्याच्या नोंदीत दुसरे असेल तर? तंजावर भागातल्या आपल्या लोकांना हा शेवटचा प्रश्न समजावून सांगायला नको. आपल्या नावातला 'राव' एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो, आणि तिसऱ्यावर त्याच्या जागी बापाच्या नावाचे आद्याक्षर येते. या तिन्ही चुकांपैकी एकही कामगाराची नसते, पण तिन्हींचा दंड तोच भरतो. पैसे अडकतात ते त्याचे.

महाराष्ट्राने या बाबतीत एक मोठे पाऊल टाकले होते, ते इथे मुद्दाम सांगतो. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विधान परिषदेचे अनेक वर्षे सभापती, आणि संतवाङ्मयाचे जाणकार. त्यांच्या कल्पनेतून १९६९ मध्ये तासगावात प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात त्याची गरज साऱ्या राज्याला पटली, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. काम मागितल्यावर १५ दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारभत्ता. त्या वेळी भत्ता होता दिवसाला एक रुपया. रक्कम लहान होती, पण विचार फार मोठा होता. मुदत सरकारने स्वतःवर घालून घेतली होती आणि ती चुकल्याचा दंडही सरकारनेच द्यायचा होता. तुकोबा-ज्ञानोबांच्या सहवासात वाढलेल्या माणसाला हे सुचावे, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यानेही हेच तत्त्व उचलले. काम न मिळाल्यास पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीचा किमान चौथा हिस्सा आणि पुढे किमान निम्मी रक्कम. पण मजुरीचा खर्च केंद्राकडे आणि बेकारभत्त्याचा भार राज्याकडे, अशी वाटणी झाली. त्यातून काय निपजले, हे रोजगार हमीवर काम केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. काम मागितल्याची तारीखवार पावतीच मिळेना. 'नंतर या', 'रजिस्टर संपले', 'काम निघाले की कळवू'. पावती नाही म्हणजे मागणीची तारीख नाही, तारीख नाही म्हणजे १५ दिवस कधीच भरत नाहीत, आणि दिवस भरले नाहीत म्हणजे भत्ता लागू होत नाही. संसदेने दिलेला हक्क बोटभर कागदाच्या चिठोऱ्यावर अडवता येतो. मी अशा बायांशी बोललो आहे. कलमाचा आकडा त्यांना ठाऊक नव्हता, पण 'तारीख घालून द्या' एवढे वाक्य त्या ठामपणे म्हणत होत्या. मला ते वाक्य फार मोलाचे वाटते.

केलेल्या कामाच्या मजुरीचीही तीच गत. हजेरीपट बंद झाल्यापासून १५ दिवसांत पैसे, नाहीतर सोळाव्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाई, असा नियम होता. दीड हजार रुपये वीस दिवस थकले तर भरपाई होते १५ रुपये. त्या वीस दिवसांत वाण्याची उधारी वाढते, सावकार याहून किती तरी जास्त घेतो. एवढी भरपाईसुद्धा पूर्ण विलंबाची मोजली जात नसे. बराचसा उशीर वरच्या स्तरावर, पैसे सोडण्यात व्हायचा आणि तो हिशेबातच धरला जात नव्हता. स्वराज अभियानच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे नाकारले. मजुराला त्याचे पैसे वेळेत मिळाले पाहिजेत, कचेऱ्यांमधल्या अंतर्गत अडचणींशी त्याला कर्तव्य नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कामाक्षीबाईंच्या खटल्यापासून इथपर्यंत न्यायाला केवढे चालावे लागले!

आता जादा दिलेल्या पैशांच्या वसुलीबद्दल. खोटी माहिती देऊन कोणी पैसे लाटले तर ते परत घेतलेच पाहिजेत, यात दुमत नाही. पण कार्यालयाने चुकून जास्त दिले, घेणाऱ्याने विश्वासाने घेतले आणि ते मुलांच्या शाळेत, औषधात खर्च झाले, तर? १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कलम ७० मध्ये हक्क नसताना मिळालेला लाभ परत करण्याची जबाबदारी होती. चूक कोणाची, याचा भेद तिथे नव्हता. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये रफीक मसीह खटल्यात हा भेद केला. खालच्या श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा होऊ घातलेले, आणि पाच वर्षांहून अधिक काळ चुकीची रक्कम मिळत आलेले लोक यांच्याकडून वसुली करू नये, असे ठरले. शिपायाला जे संरक्षण आहे, ते शिपायाची नोकरीही नसलेल्याला का नसावे?

ऑस्ट्रेलियात काय घडले ते या संदर्भात आपण नीट पाहायला हवे. २०१५ पासून तिथल्या सरकारने भत्ताधारकांच्या कर-नोंदीतले वर्षाचे उत्पन्न घेतले, ते यंत्राने दर पंधरवड्यात सारखे वाटले आणि 'तुम्ही जास्त भत्ता घेतलात' अशा नोटिसा धाडल्या. ज्याने चार महिने काम केले आणि आठ महिने बेकार राहिला, तो कागदावर बाराही महिने कमावता ठरला. आपण काही देणे लागत नाही, हे सिद्ध करण्याचे काम त्याच्यावर पडले. २०१९ मध्ये ही पद्धत बेकायदा असल्याचे न्यायालयात मान्य करावे लागले आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने तिच्यावर अत्यंत कडक अहवाल दिला. दरम्यान लाखो लोकांनी भीतीत दिवस काढले. आता हाच हिशेब या कावेरीच्या खोऱ्यात लावून पाहा. मेट्टूर धरणाचे पाणी आले की कुरुवै भाताची लावणी, मग सांबा भाताची, मग कापणी. शेतमजुराच्या हाताला त्या दिवसांत काम असते आणि मधले आठवडे कोरडे जातात. तिरुभुवनमचा रेशीम विणकर लग्नसराईत कमावतो. वर्षाच्या सरासरीत यांचे उपाशी दिवस दिसतच नाहीत. आपल्याकडे योजनांची छाननी आता आधार, बँक आणि कर-नोंदी जोडून होऊ लागली आहे, म्हणून ही भीती मला दूरची वाटत नाही.

मित्रहो, आपण लिहिणारी, वाचणारी माणसे यात काय करू शकतो? बरेच काही. सरस्वती महाल ग्रंथालयातल्या पोथ्यांविषयी आपण पुष्कळ बोललो. तंजावरच्या मोडी कागदांत हिशेब, नेमणुका आणि देण्याघेण्याच्या नोंदीही आहेत. राजांची पत्रे वाचली गेली, आता नोकरचाकरांचे कागद वाचले जावेत. १८५५ नंतर कोणाचे काय झाले, ही आपल्याच घरांची कहाणी आहे. ती तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावी. त्यांना मोडी शिकवायला इथे मंडळी आहेत.

दुसरे काम रोजचे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण बँकेत, महसुलात, शाळांत आयुष्य घालवून निवृत्त झाले आहेत. सर टी. माधवराव आणि दिवाण बहादूर रघुनाथराव या दिवाणांच्या कुंभकोणमला कारभार शिकवावा लागत नाही. अर्ज कसा भरायचा, दाखल्यावर नाव जुळते का, नकार आला तर अपील कुठे करायचे, नोटीस आली तर उत्तर कसे द्यायचे, हे शेजारच्या गल्लीतल्या मुलाला बसून सांगता येईल. भाषा तमिळ असो की मराठी.

आणि या संमेलनाने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. काम किंवा भत्ता मागणाऱ्या प्रत्येक अर्जाला त्याच दिवशी तारीखवार पावती मिळावी. नकाराचे कारण अर्जदाराला वाचता येईल अशा भाषेत लेखी द्यावे. ठरलेल्या मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाची भरपाई त्याने न मागता खात्यात जमा व्हावी. आणि कार्यालयाच्या चुकीने जादा गेलेल्या रकमेची वसुली, संबंधिताचे म्हणणे ऐकल्याशिवाय आणि त्याची ऐपत पाहिल्याशिवाय होऊ नये. हा ठराव तमिळ आणि मराठी अशा दोन्ही भाषांत चेन्नईला आणि मुंबईला पाठवावा. अनुमोदकांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत. ठराव मी आता सभेपुढे चर्चेला ठेवतो.